जिंजूची लग्नं

सोक बोंगसूच्या हातात एक कला होती, आणि ती कुणाला दाखवायची सोय नव्हती.

गाणाऱ्याचं बरं असतं. गाता येत असलं तर तो गातो, येत नसलं तरी गातो. लोक फार तर उठून जातात. बोंगसूची कला म्हणजे नदीचा मासा कच्चा कापणं. सोमजिन नदीतला हातभर नुची मासा त्याच्यापुढे ठेवावा आणि बाजूला गप्प बसावं. सुरी अशी फिरायची की आपण कापले गेलो हे माशालासुद्धा उशिरा कळावं. काप इतके पातळ की खालच्या फळीच्या लाकडाच्या रेषा त्यातून दिसाव्यात. तेबात गावात म्हणत, बोंगसूच्या कापातून वर्तमानपत्र वाचता येतं. गावप्रमुख दोकचिलनं एकदा सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं होतं. वर्तमानपत्र उलटं होतं ही गोष्ट वेगळी. दोकचिलही त्या वेळी फारसा सुलटा नव्हता.

एरवी बोंगसू चारचौघांसारखाच. ओहोटी बघून कंबरभर पाण्यात उतरायचं, लांब दांड्याच्या दाताळ्यानं तळाची वाळू खरवडायची, नखाएवढे जेचोप शिंपले टोपलीत भरायचे आणि बायकोच्या हवाली करायचे. ती त्यांचा रस्सा करून बाजाराच्या दिवशी हादोंगला विकायची. वर कांद्याची हिरवी पात भुरभुरलेला तो पांढुरका रस्सा प्यायला लांबलांबून माणसं यायची. विशेषतः ज्यांना आदल्या दिवशी जरा जास्त झाली आहे अशी.

बायकोला सगळं गाव ‘हामयांगवाली’ म्हणायचं. आमच्याकडे सून आली की तिचं नाव वेशीबाहेर राहतं आणि माहेरच्या गावाचं नाव तेवढं आत येतं. हामयांग डोंगरातलं. मासा एक तर उकडायचा, नाही तर भाजायचा, नाही तर त्याचा त्याला पाण्यात सुखानं राहू द्यायचा, एवढंच त्या लोकांना ठाऊक. कच्चा मासा तिनं जन्मात तोंडात घातला नव्हता. लग्नाच्या पंगतीत सासूनं आग्रह केला तेव्हा नव्या नवरीनं मान खाली घालून सांगितलं होतं, “आई, आधी त्याला शिजवू द्या, मग मी खाते.” तो मासा शिजला आणि सासूही जरा शिजली.

तरी तिनं नवऱ्याला कधी अडवलं नव्हतं. अडवलं ते थोरले दीर गेल्यावर. त्यांना यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांचा कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणाले, जन्मभर नदीचा कच्चा मासा खाल्लात, त्यातला कृमी त्या नळ्यांत वर्षानुवर्षं घर करून बसला, त्याचं हे फळ. थोरला भाऊ हळदीसारखा पिवळा पडत गेला, आणि त्याची उशाशी बसून सेवा केली ती हामयांगवालीनं. उत्तरकार्य आटोपल्यावर तिनं बोंगसूला परसात, सोया-चटणीच्या रांजणांपाशी उभं केलं आणि म्हणाली, “मिरानचे बाबा, यापुढे नदीचा कच्चा मासा तोंडात घातलात, तर मी चांगवॉनला लेकीकडे निघून जाईन. हे मी बोलले.”

‘हे मी बोलले’ म्हणजे काय, ते गावाला माहीत होतं. एकदा तिळाच्या तेलाच्या घाणीवाल्याशी तिचं वाजलं. “तुझ्या दारावरून पुन्हा जाणार नाही, हे मी बोलले,” म्हणाली. घाणीवाला दुकान विकून बुसानला गेला, त्या जागी आता न्हाव्याचं दुकान आहे. पण हामयांगवाली अजून बंधाऱ्यावरून वळसा घालून जाते.

बोंगसूनं मासा सोडला. खरंच सोडला. पुढच्या वसंतापर्यंत.

त्या वसंतात एका बाजाराच्या दिवशी, हामयांगवाली हादोंगला गेलेली असताना, दोकचिल दारात उभा. हातातल्या बादलीत नुची वळवळतोय.

“खाऊ नकोस,” दोकचिल म्हणाला. “तुला खा कोण म्हणतंय? नुसता कापून दे. मी कापला की लाकडं फोडल्यासारखा दिसतो.”

“मग तसाच खा.”

“अरे, माशाचा तरी विचार कर. एवढा देखणा जीव, आणि शेवटी माझ्या हातून जायचा?”

कलावंताला पोटातून धरता येत नाही, तिथं अभिमानातून धरतात. बोंगसूनं कापला. कापल्यावर नीट कापला गेलाय की नाही हे जिभेवर ठेवल्याशिवाय कसं कळणार, म्हणून एक काप चाखला. आंबट-तिखट लाल चटणीशिवाय चाखणं म्हणजे माशाचा अपमान, म्हणून चटणी आली. चटणी एकटी कशी बसेल, म्हणून सोजूची बाटली आली. बाजाराचा दिवस पाच दिवसांनी फिरून येतो. दोकचिलही पाच दिवसांनी फिरून येऊ लागला.

आता पातळ कापायचं तर खाली सपाट फळी हवी. नदीकाठचे दगड कामाचे नाहीत. घरात गिंकोच्या लाकडाची एकसंध फळी होती, हामयांगवालीचा जीव की प्राण. ती खाली घेतली जायची. कार्यक्रम आटोपला की बोंगसू सुरी आणि फळी आधी पाण्यानं धुवायचा, मग तांदळाच्या धुवणानं, मग सोयाबीनची आंबवलेली चटणी चोळायचा, मग पुन्हा थंड पाण्यानं. खवला नाही, डाग नाही, वास नाही. काटे नदीत. स्वतः लसणाची पाकळी चावायची. संध्याकाळी हामयांगवाली बसमधून उतरायची आणि हातपाय धुऊन त्याच ओल्या फळीवर मुळा नि पात चिरून ताजी किमची कालवायची. नाकाला जे कळतं आणि डोळ्याला जे दिसतं, ते सगळं बोंगसूनं पुसलेलं असायचं. मांजरानंसुद्धा त्याच्याकडे शिकायला यावं.

राहता राहिली तपासणी.

दर वसंतात मोठ्या शहरातल्या विद्यापीठाची एक तुकडी गावात यायची. नदीकाठच्या लोकांच्या यकृतात हा कृमी किती आहे, औषध देऊनही तो पुन्हा पुन्हा कुणाला होतो आणि का, याचं त्यांचं संशोधन होतं. प्रमुख होत्या डॉ. प्यो, सडपातळ, गोल चष्म्याच्या, आणि इतक्या मऊ बोलायच्या की म्हाताऱ्या त्यांना “जरा जेवत जा गं” म्हणायच्या. घरोघर झाकणाच्या छोट्या डब्या वाटल्या जायच्या. सकाळी संडासात त्यांत काय भरायचं हे पोरांखेरीज सगळ्यांना सांगावं लागायचं, आणि भरून आणताना प्रत्येक जण डबी अशी लपवून आणायचा की जशी काही त्यातली वस्तू जगात त्यालाच होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली कृमीची अंडी शोधायची. अंडी सापडली की गोळ्या. एका दिवसात घ्यायच्या. दिवसभर डोकं गरगरतं, दुसऱ्या दिवशी माणूस ठीक, तिसऱ्या दिवशी नदीवर.

डॉ. प्यो प्रत्येकाला विचारायच्या, “बाबा, कच्चा मासा शेवटचा कधी खाल्लात?” तेबातच्या उत्तरांवर विश्वास ठेवला, तर गावात शेवटचा कच्चा मासा देशात ऑलिंपिक भरलं त्या जुन्या साली खाल्ला गेला. दोकचिल तर म्हणायचा, “मासा? तो दिसतो कसा हो?” आणि डबीत बघावं तर अंड्यांची जत्रा.

बोंगसूची डबी मात्र दर वर्षी स्वच्छ. कारण तुकडी यायच्या जरा आधी जिंजू शहरात एक लग्न निघायचं. सैन्यातला जुना दोस्त, त्याच्या मुलाचं लग्न, गेलंच पाहिजे. बोंगसू कोट घालून जिंजूला जायचा, तिथल्या डॉक्टरकडून गोळ्या घ्यायचा, त्या गिळायचा आणि सार्वजनिक स्नानगृहाच्या गरम फरशीवर डोळे मिटून दिवसभर पडून राहायचा. संध्याकाळी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं झोकांड्या खात घरी.

“लग्नात फार झाली वाटतं,” हामयांगवाली म्हणायची.

“दोस्त ऐकत नाही गं.”

“मुलं तरी किती आहेत त्यांना? गेल्या वर्षी धाकट्याचं झालं म्हणालात.”

“धाकट्याच्या मागून अजून एक निघाला.”

“बाईचं कौतुकच आहे,” हामयांगवाली म्हणायची, आणि आहेराचं पाकीट दर वर्षी थोडं जाडच भरायची.

तर यंदाचा गोळ्या वाटायचा दिवस. चावडीत सगळं गाव जमलं होतं. आरोग्य उपकेंद्राच्या यॉमबाई नावं पुकारत होत्या. ज्याचं नाव येईल त्यानं पुढं यायचं, गोळ्या घ्यायच्या. बाजूला बार्लीच्या चहाची किटली घेऊन उभी होती महिला मंडळाची अध्यक्षीण, म्हणजे हामयांगवाली. चहा ओतायचं काम तिचं. टोमणे ती पदरचे घालायची.

“या, भाऊजी, या. यंदा पोटात पाहुणे किती?”

“वहिनी, गेल्या वर्षीचेच राहिले असतील,” दोकचिल म्हणाला.

“गेल्या वर्षी हाकललेले परत कसे आले? पत्ता तुम्हीच दिला असणार.”

हशा झाला. दोकचिलच्या बायकोचं, म्हणजे सुंचॉनवालीचं, नाव आलं. “अगं, तूसुद्धा? नवऱ्याला एकट्याला बरं वाटेना म्हणून सोबतीला खाल्लास की काय?” सुंचॉनवाली लाजून गोळ्या पदरात घेतल्यासारख्या मुठीत घेऊन पळाली. बोंगसू कोपऱ्यात बसून बिस्किट खात होता. स्वच्छ माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा एक कंटाळा त्यानं चेहऱ्यावर आणून ठेवला होता.

“आन पिलसुन,” यॉमबाईंनी पुकारलं.

कुणी उठेना.

“आन पिलसुन!”

“कोण गं ही पिलसुन?” हामयांगवाली किटली हलवत म्हणाली. “मासा खाताना बरी पुढं असते, आता कान बसले का? ये बाई, लाजू नकोस! चोरून खाल्लंस, आता चारचौघांत गीळ!”

यॉमबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “अध्यक्षीणबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “आन पिलसुन तुम्हीच ना हो?”

किटली कलंडली. चहा दोकचिलच्या पायावर सांडला आणि त्याला ओरडायचंही सुचलं नाही. माहेरच्या गावाच्या नावानं इतकी वर्षं हाक ऐकून ऐकून बाई स्वतःचंच नाव विसरली होती. चावडीत क्षणभर असं शांत झालं की बोंगसूच्या दातांखालचं बिस्किट ऐकू आलं. आणि मग सगळं गाव फुटलं. म्हाताऱ्या एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारून हसल्या.

“चूक झाली असेल,” हामयांगवाली म्हणाली. “मी खात नाही.”

“आम्हीही खात नाही, वहिनी,” दोकचिलच्या मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसणं पुन्हा वर आलं.

डॉ. प्यो तिला आत घेऊन गेल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. हामयांगवालीनं पाहिलं. इवलंसं, पिवळसर, वर झाकण आणि झाकणाला काठ. अगदी तिच्या परसातला रांजण कुणी नखावर मावेल असा केल्यासारखा.

“हे माझ्या पोटातलं?”

“हो, आई. थोडीच आहेत. गोळ्या घेतल्या की जातील.”

“पाहुणे आलेच नाहीत, तर हाकलू कुणाला?” हामयांगवाली म्हणाली. “गोळ्या घेतल्या म्हणजे मी खाल्लं असं झालं. मी नाही घेणार. हे मी बोलले.”

बाहेर बोंगसूनं उरलेलं बिस्किट खिशात घातलं.

पुन्हा डबी दिली, पुन्हा तपासली. पुन्हा तेच रांजण. गावाला तर वर्षभराची करमणूक मिळाली. दारात सकाळी कुणी ताजा मासा ठेवून जायचं. सुंचॉनवाली कुंपणावरून म्हणायची, “ताई, आता कशाला लपायचं? आमच्यातच या की. चटणी मी करते.” हामयांगवाली उत्तर देत नसे. ही गोष्ट फार वाईट होती, कारण तिनं उत्तर दिलं नाही असं त्या कुंपणावर पूर्वी कधी झालं नव्हतं. तिनं महिला मंडळाची शिट्टी आणि किल्ली चावडीत नेऊन ठेवली. बाजारात गेली नाही. एकदा जेवता जेवता घास हातात धरून म्हणाली, “अहो, माणूस झोपेत चालतं म्हणतात. झोपेत खातही असेल का?”

बोंगसूला वाटलं, आत्ता सांगावं. तोंड उघडलं. पण ती चांगवॉनला जाईल हे आठवलं, आणि तोंडातून आलं ते एवढंच: “मीठ कमी आहे.”

“आहे का?” ती म्हणाली आणि मीठ आणायला उठली. भांडलीसुद्धा नाही.

गोळ्यांची पुडी रांजणाच्या झाकणावर तशीच पडून होती. बोंगसू येता-जाता तिच्याकडे बघायचा. बघितलं की त्याला भावाचा पिवळा चेहरा दिसायचा. भावानंही म्हटलं होतं, गोळ्या काय, पुढच्या वर्षी घेऊ.

तो नदीवर दोकचिलला म्हणाला, “मला सांगून टाकायचंय.”

“वेडा आहेस का? ती जाईल ना!”

“आणि गोळ्या न घेता राहिली तर?”

“अरे, समजूत घाल. म्हणावं, जीवनसत्त्वं आहेत.”

“तिला? तिला तिळाच्या तेलात दुसरं तेल किती आहे ते वासावरून कळतं.”

“मग नवऱ्याचं कसं कळत नाही?” दोकचिल म्हणाला.

त्याच आठवड्यात डॉ. प्यो घरी आल्या. हसायला नव्हे, त्यांना खरंच कोडं पडलं होतं. गावातल्या सगळ्या न खाणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण या एका बाईवर बसला होता. त्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहिल्या. बोंगसू बाहेर पडवीत दाताळं दुरुस्त करत होता. म्हणजे दुरुस्त असलेलं दाताळं हातात धरून बसला होता.

“आई, खाल्ल्याशिवायही हा होऊ शकतो,” डॉ. प्यो म्हणाल्या. “नदीचा मासा ज्या सुरीनं कापला, ज्या फळीवर कापला, त्यावरच लगेच भाजी चिरली आणि कच्चीच खाल्ली, तर. कृमीची पिल्लं माशाच्या मांसात असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, वासही येत नाही. गार पाण्यानं आणि चटणीनं मरतीलच असं नाही. या फळीवर कुणी मासा कापतं का?”

“मी उकडायचा मासा अंगणातल्या दगडावर करते. पहिल्यापासून.”

“दुसरं कुणी? घरातलं?”

पडवीत दाताळ्याचा एक दात वाकला.

 हामयांगवालीचा आवाज आला, गेल्या कित्येक दिवसांत आला नव्हता असा, ताठ. “डॉक्टरीणबाई, तुम्ही मला खोटं म्हणा. गाव म्हणतंच आहे. पण आमच्या माणसावर शंका घेऊ नका. त्यांनी भाऊ गेल्यावर सोडला तो सोडला. त्यांची डबी तुम्हीच तपासता ना? आहे का कधी काही?”

“नाही,” डॉ. प्यो म्हणाल्या.

“मग झालं. चहा घेणार?”

चोरी पकडली गेली असती तर बोंगसूनं सहन केली असती. हे सहन होईना. स्वतःचा शब्द मातीत पडलेला असताना बाई त्याचा शब्द पुसून फडताळात ठेवत होती. तो उठला, बांधावर जाऊन आला, परत बसला, परत उठला. आत जाऊन एकटीला सांगितलं तर ती गोळ्या घेईल, पण गाव? गाव हसलं होतं चावडीत, सगळ्यांदेखत. घरात कुजबुजून ते हसणं कसं परत घेणार?

सकाळी दोकचिल चावडीत नेहमीप्रमाणे गावच्या भोंग्यावर बसला होता. खताची गाडी कधी येणार, म्हाताऱ्यांनी डोळे तपासायला कधी जायचं, असलं सगळं गाव त्या भोंग्यावरून ऐकतं. खांबाखांबावर कर्णे आहेत, आणि वारा असला तर नदीपलीकडचं गावही ऐकतं. सूचना आटोपून दोकचिल माईक बंद करणार, तेवढ्यात बोंगसू आत शिरला आणि त्यानं त्याच्या हातातून तो काढून घेतला.

“आ... आ... येतंय का ऐकू?” शेतातल्या, चहाच्या मळ्यातल्या, कोंबड्यांच्या खुराड्याजवळच्या सगळ्या माणसांनी मान वर केली. “मी बोंगसू बोलतोय. सोक बोंगसू. शिंपलेवाला. हामयांगवालीनं... म्हणजे आन पिलसुननं... कच्चा मासा कधी खाल्लेला नाही. लग्नातसुद्धा नाही. मी खाल्ला. बाजाराच्या दिवशी, ती घरात नसताना. तिच्या फळीवर, तिच्या सुरीनं कापला. तिनं नंतर त्यावर मुळा चिरला. तिच्या पोटात जे गेलं ते माझ्या हातचं गेलं. आणि माझी डबी स्वच्छ येते, कारण मी आधीच जिंजूला जाऊन औषध घेऊन येतो. जिंजूला कुणाचं लग्नबिग्न नसतं. माझा तिथं दोस्तसुद्धा नाही. आणि हे मी एकट्यानं केलं नाही...”

“माझं नाव घेऊ नकोस, लेका!” हे दोकचिलचं वाक्य सर्व कर्ण्यांवरून स्वच्छ ऐकू आलं. नदीपलीकडेही.

“...तर हसायचं असेल त्यांनी माझ्या दारात यावं,” बोंगसू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “पिलसुन, गोळ्या घे गं. भाऊ गेला तेवढा पुरे.”

मग त्यानं माईक ठेवला. तो बंद करायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं गावानं कामं टाकून ऐकलं.

हामयांगवाली रबरी बूट, कोपरापर्यंत चिखल, डोक्याला रुमाल अशी वाफ्यातून तडक चावडीवर आली. मागून गाव. दारात उभी राहून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“जिंजूला कुणाचंच लग्न नव्हतं?”

“नव्हतं.”

“तो धाकट्याच्या मागून निघालेला?”

“तोही नाही.”

“मी त्याला पाकिटात जास्त घातले होते. म्हटलं, शेंडेफळ.”

बोंगसूची मान आणखी खाली गेली.

“आणि दर वर्षी तुम्ही त्या गोळ्या घेऊन कुठं पडून राहायचात?”

“स्नानगृहात. फरशीवर.”

“एकटे?”

“हो.”

“डोकं गरगरत असताना? कुणी पाणी द्यायलाही नाही?” तिचा आवाज जरा भलतीकडेच वळला, तो तिनं ओढून जागेवर आणला. “बरं झालं. तसंच पाहिजे.”

ती वळली. गाव दोन पावलं मागं सरलं. “काय गं सुंचॉनवाली, चटणी तू करणार होतीस ना? आता पाणी तापव. प्रत्येकीनं आपापली फळी आणि सुरी घेऊन यायचं, बाहेरच्या मोठ्या कढईत उकळायचं. नवऱ्यांनी लाकडं फोडायची. भाऊजी, तुम्हाला फोडता येतात, असं ऐकलंय.” मग फडताळावरची शिट्टी तिनं गळ्यात घातली.

डॉ. प्यो धावत आल्या तेव्हा अंगणात फळ्या उकळत होत्या आणि म्हातारे त्यांच्याभोवती एकमेकांवर ओरडत होते. “मी परवा खाल्ला!” “मी तर काल!” “आमच्याकडे पण तीच फळी हो, डॉक्टरीणबाई!” इतकी वर्षं गोड बोलून जे मिळालं नव्हतं, ते वाहत होतं. कुठं लिहून घेऊ आणि कुठं नको असं त्यांना झालं. त्या मधेच हामयांगवालीच्या हाताला धरून म्हणाल्या, “आई, आता गोळ्या?”

“घेते. आता घ्यायला काय हरकत आहे? पण चांगवॉनला घेते. तिथं लेक आहे बघायला.”

बोंगसूनं लाकूड खाली ठेवलं. “चांगवॉनला?”

“मी बोलले होते ना?”

“अगं, पण...”

“माझा शब्द खरा होता की नाही? आत्ता तुम्हीच साऱ्या गावाला सांगितलंत.”

“खराच होता.”

“मग दुसरा तेवढा खोटा करू?”

 दुपारच्या बसनं हामयांगवाली गेली. बोंगसू थांब्यापर्यंत बोचकं घेऊन आला. बसच्या दारात त्यानं ते तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “कधी येशील?” पण दार बंद झालं.

पुढच्या दिवसांबद्दल गावात दोन मतं आहेत. दोकचिल म्हणतो, बोंगसू रडत होता. बोंगसू म्हणतो, कांदा चिरत होतो. दोकचिलनं एकदा बादली आणली, कुंपणाबाहेर ठेवली. बोंगसूनं मासा घेतला, कापला नाही, सरळ पातेल्यात घातला. दोकचिल शेजारी बसून ते बघत होता, जसं काही एखादा वादक आपलं वाद्य चुलीत घालतोय.

आणि मग एका संध्याकाळी बस थांबली, आणि आधी बोचकं उतरलं, मग काखेत मोठं चपटं कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन हामयांगवाली.

बोंगसू थांब्यावरच होता. तो रोज तिथंच असायचा, पण आज सहज आलोय असा चेहरा करायला त्याला वेळ मिळाला नाही.

“आलीस?”

“मी जाईन म्हणाले होते. किती दिवस, ते कुठं बोलले होते?” ती म्हणाली. “मिरानची फरशी फार गार आहे. आणि गोळ्या! डोकं असं फिरलं म्हणता, भिंत धरून बसले. तुम्ही दर वर्षी हे... जाऊ द्या.” तिनं काखेतलं त्याच्या हातात दिलं. “माझी नवीन फळी. हिला बोट लावलंत तर बघा.”

“नाही लावत.”

“जेवलात काय इतके दिवस?”

“मासा.”

हामयांगवाली रस्त्यात थांबली.

“उकडून,” बोंगसू घाईघाईनं म्हणाला. “दोनदा. दोकचिल म्हणाला, चामड्यासारखा झालाय.”

“भाऊजींनी खाल्ला?”

“रडत रडत. पण संपवला.”

“कळलं म्हणायचं त्यांना,” ती म्हणाली आणि बंधाऱ्याच्या बाजूला वळली, न्हाव्याचं दुकान टाळून. बोंगसू फळी छातीशी धरून तिच्या मागून वळसा घालत निघाला.